सिक्वेन्सरची पट्टी व्होल्टेजने बदलताना: बेरीज क्वांटायझरच्या आधी की नंतर?

आठ पायऱ्यांच्या सिक्वेन्सरमधून (ठरवलेले स्वर व्होल्टेजच्या रूपात एकामागून एक देणाऱ्या यंत्रातून) एकच स्वरावली फिरत राहिली की पाच मिनिटांत कान विटतात. कीबोर्डवर एक सूर दाबावा आणि अख्खी स्वरावली त्या सुराला धरून सरकावी, एवढी सोय झाली की त्याच आठ स्वरांवर तासभर वाजवता येतं. मॉड्युलर सिंथेसायझरमध्ये हे काम निव्वळ बेरजेचं आहे: सिक्वेन्सरचं व्होल्टेज अधिक कीबोर्डचं व्होल्टेज. पण ही बेरीज कुठे करता यावर दोन अगदी वेगळे परिणाम मिळतात, आणि बहुतेक घोटाळे तिथेच होतात.

पेटी वाजवणाऱ्याला हा फरक लगेच कळेल. स्केल चेंजर पेटीत पट्ट्यांचा सगळा संच आडवा सरकतो. बोटं तीच, राग तोच, फक्त षड्ज बदलतो. पलट्यात षड्ज जागचा हलत नाही. सारेग, रेगप, गपध असं एकच वळण रागाच्या स्वरांवरून चढत जातं. क्वांटायझर म्हणजे आलेलं व्होल्टेज निवडलेल्या स्वरांपैकी एकावर नेऊन बसवणारं मॉड्यूल. त्याच्या नंतर बेरीज केली तर स्केल चेंजर मिळतो, आधी केली तर पलटा. केबल लावण्याआधी यातलं काय हवंय ते ठरवा.

व्होल्टचा हिशोब

युरोरॅकमध्ये (मॉड्युलर सिंथेसायझरच्या प्रचलित मांडणीत) पिचसाठी ठरलेलं माप आहे एका सप्तकाला १ व्होल्ट. सप्तकात १२ सेमीटोन, म्हणून एका सेमीटोनला ८३.३ मिलिव्होल्ट आणि एका सेंटला, म्हणजे सेमीटोनच्या शंभराव्या हिश्शाला, ०.८३ मिलिव्होल्ट. पांढरी एकला ० व्होल्ट धरलं तर बाकीच्या पट्ट्या अशा येतात:

पांढरी १: ०.०००
काळी १: ०.०८३
पांढरी २: ०.१६७
काळी २: ०.२५०
पांढरी ३: ०.३३३
पांढरी ४: ०.४१७
काळी ३: ०.५००
पांढरी ५: ०.५८३
काळी ४: ०.६६७
पांढरी ६: ०.७५०
काळी ५: ०.८३३
पांढरी ७: ०.९१७

वरच्या सप्तकासाठी १ मिळवा, खालच्यासाठी १ वजा करा. हा तक्ता कागदावर लिहून रॅकशेजारी चिकटवलेला बरा, पुढे सारखा लागतो.

० व्होल्टला कोणता स्वर वाजतो याचा मात्र नियम नाही. एका कीबोर्डची सगळ्यात खालची पट्टी ० व्होल्ट देते, दुसऱ्याची मधली. बऱ्याच कीबोर्डांच्या सेटिंगमध्ये हे बदलता येतं. ते न बघता बेरीज केली की स्वरावली दोन-दोन सप्तकं वर उडते. बिघाड समजून मॉड्यूल उघडायला जाऊ नका. बेरजेत २ व्होल्ट वजा केले की झालं.

सामान

सिक्वेन्सर कोणताही चालेल, पण त्याला क्लॉक इन (पुढच्या पायरीवर नेणारा ठोका), रीसेट इन (पहिल्या पायरीवर परत नेणारा) आणि शक्यतो पहिल्या पायरीचा वेगळा गेट आउट (पायरी किंवा सूर चालू असल्याचा इशारा) असावा. हा गेट पुढे समेसाठी लागणार आहे. कीबोर्ड सीव्ही (कंट्रोल व्होल्टेज, इथे सुराचं) आणि गेट देणारा हवा. अर्टुरियाच्या कीस्टेपसारखा छोटाही पुरतो. एक क्वांटायझर. पिचच्या केबलवर दोन ऑसिलेटर (आवाज निर्माण करणारी मॉड्यूल) चालवायचे असतील तर बफर्ड मल्टिपल, म्हणजे एक व्होल्टेज न दबता अनेक ठिकाणी वाटून देणारं मॉड्यूल. ३.५ मिलिमीटरच्या सात-आठ मोनो पॅच केबल, आणि एक मल्टिमीटर.

बेरजेसाठी प्रिसिजन अॅडरच (व्होल्टेजची अचूक बेरीज करणारं मॉड्यूल) घ्या. डोएप्फर ए-१८५-२, म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्सच्या लिंक्सचा मधला भाग, एक्सपर्ट स्लीपर्सच्या डिस्टिंगमधला अॅडर, यांपैकी काहीही. घरात पडलेला साधा मिक्सर यासाठी वापरण्याचा मोह होतो, पण मिक्सरचा नॉब पूर्ण फिरवला तरी गेन (आत आलेलं व्होल्टेज बाहेर किती पट होतं तो आकडा) बरोबर एक असेलच असं नाही. गेनमध्ये १ टक्का चूक म्हणजे दर सप्तकाला १२ सेंट. तीन सप्तकांवर ३६ सेंट, म्हणजे सेमीटोनच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त बेसूर. अॅडरमध्ये ०.१ टक्क्याचे रेझिस्टर वापरतात ते याच कारणाने. तिथे चूक सप्तकाला साधारण सेंट-दीड सेंट उरते.

दोन आउटपुट एकाच जॅकमध्ये स्टॅक केबलने कोंबले तर बेरीज होत नाही. प्रत्येक आउटपुटमध्ये साधारण १ किलोओमचा रेझिस्टर असतो, त्यामुळे दोन्ही व्होल्टेजची सरासरी निघते. लक्षण ठरलेलं: कीबोर्डवर सप्तक वर गेलात की स्वरावली अर्धंच सप्तक वर जाते आणि सिक्वेन्सरची मूळ स्वरावलीही आक्रसून जाते. काही मॉड्यूलना तर आउटपुटमध्ये रेझिस्टरच नसतो, तिथे दोन आउटपुट एकमेकांवर जोर काढतात. हा प्रकार टाळाच.

मल्टिमीटर घेताना त्याचे आकडे बघा. स्वस्तातला साडेतीन आकडी मीटर २० व्होल्टच्या रेंजवर १० मिलिव्होल्टची पायरी दाखवतो, म्हणजे १२ सेंटच्या आतली चूक त्याला दिसतच नाही. २ व्होल्टच्या रेंजवर तोच मीटर १ मिलिव्होल्टपर्यंत वाचतो. ६००० काउंटचा मीटर असेल तर ६ व्होल्टपर्यंत १ मिलिव्होल्ट सहज. मोजायला पॅच केबलचं एक टोक आउटपुटमध्ये लावा, दुसऱ्या मोकळ्या टोकाच्या टिपेला लाल प्रोब आणि मागच्या धातूच्या नळीला काळा.

आधी साखळी तपासा, मग वाजवा

इथे घाई केली तर पुढे कशाचाच पत्ता लागत नाही. रॅक चालू करून २०-३० मिनिटं तापू द्या. अॅनालॉग ऑसिलेटर थंड असताना सूर लावणं म्हणजे तानपुरा उन्हातून आत आणल्या आणल्या लावण्यासारखं आहे. पिचचं गणित करणारा ट्रान्झिस्टर तापमानाला हळवा असतो. भरपाई नसेल तर अंशाला साधारण ०.३३ टक्क्याने सप्तकाचं माप सरकतं. वैशाखात वाजवता वाजवता एसी बंद केलात तर ट्यूनरवर हे नुसतं दिसत नाही, ऐकूही येतं.

मग एकेक कडी जोडत जा. प्रथम कीबोर्डचा पिच आउट थेट ऑसिलेटरच्या व्होल्ट-पर-ऑक्टेव्ह जॅकमध्ये. कीबोर्डची पिच बेंडची पट्टी किंवा चाक मोकळं आहे याची खात्री करा, कारण ते व्होल्टेजमध्येच मिसळतं. खालचा षड्ज वाजवून ऑसिलेटर ११० हर्ट्झवर आणा. आता एकेक सप्तक वर जा: २२०, ४४०, ८८०. ट्यूनर काय दाखवतो ते लिहून ठेवा.

तिन्ही सप्तकांत चूक सारखीच असेल, समजा प्रत्येक ठिकाणी ७ सेंट कमी, तर काळजी नाही. तो नुसता ऑफसेट आहे, ट्यूनिंगच्या नॉबने जातो. चूक १२, २४, ३६ अशी सप्तकागणिक वाढत असेल तर गेन चुकतोय. खालची सप्तकं चोख आणि फक्त वरचं सप्तक उतरत असेल तर दोष ऑसिलेटरच्या वरच्या टोकाच्या ट्रॅकिंगचा. त्याचा स्क्रू बहुधा मागे असतो आणि केबलीशी त्याचा काही संबंध नाही.

मग मधे अॅडर घाला. कीबोर्ड अॅडरच्या एका इनपुटला, अॅडर ऑसिलेटरला, बाकी इनपुट बंद. आकडे आधीचेच यायला हवेत. अॅडरचा एखादा स्विच चुकून वर राहिला असेल तर इथे पकडला जातो: ए-१८५-२ मध्ये रिकाम्या इनपुटवर आतून १ व्होल्ट जोडलेला असतो, म्हणजे स्विच वर असेल तर सगळं एक सप्तक चढतं. सवय झाली की हाच स्विच सप्तक बदलायला फार सोयीचा पडतो.

आता मल्टिपलची परीक्षा. कीबोर्डची एक केबल साध्या, बिनबफरच्या मल्टिपलमधून दोन ऑसिलेटरना द्या आणि ट्यूनर बघा. हिशोब असा: आउटपुटला १ किलोओम, ऑसिलेटरच्या इनपुटला १०० किलोओम. एकच इनपुट असताना ३ व्होल्टचे २.९७० उरतात. दुसरा जोडला की २.९४१. फरक २९ मिलिव्होल्टचा, म्हणजे ३५ सेंट. एका ऑसिलेटरवर सूर लावून नंतर दुसरा जोडला की पहिलाही बेसूर होतो, तो असा. बफर्ड मल्टिपल घातला की हा प्रश्न संपतो. काही आउटपुटमध्ये ही भरपाई आधीच केलेली असते, त्यांना साधा मल्टिपलही चालतो. पण ते मोजूनच ठरवा.

शेवटी सिक्वेन्सर अॅडरच्या दुसऱ्या इनपुटला.

पहिली जोडणी: स्केल चेंजर

सिक्वेन्सरचा पिच आउट क्वांटायझरमध्ये, क्वांटायझरचा आउट अॅडरच्या पहिल्या इनपुटमध्ये, कीबोर्डचा पिच अॅडरच्या दुसऱ्या इनपुटमध्ये, अॅडरमधून ऑसिलेटर. गेट सिक्वेन्सरकडूनच एन्व्हलपला (स्वराचा आवाज उघडून मिटवणाऱ्या मॉड्यूलला) जाईल; कीबोर्डचा गेट सध्या कुठेही लावू नका.

सिक्वेन्सरची रेंज कमी करून घ्या. ५ व्होल्टच्या रेंजवर ६० सेमीटोन एका नॉबमध्ये मावतात. नॉब ३०० अंश फिरतो, म्हणजे एका सेमीटोनला जेमतेम ५ अंश. बोट लागलं तरी स्वर बदलतो. २ व्होल्टच्या रेंजवर १२ अंश मिळतात आणि हात स्थिर राहतो. रेंजचा स्विच नसेल तर सिक्वेन्सर आणि क्वांटायझरच्या मधे अॅटेन्युएटर (व्होल्टेज कमी करणारा नॉब) घाला. क्वांटायझरच्या नंतर अॅटेन्युएटर कधीच नको. तिथे व्होल्टेज थोडं जरी दाबलं तरी सगळे स्वर जवळ सरकतात आणि क्वांटायझरचं काम पाण्यात जातं.

क्वांटायझरवर मेजर पेंटॅटॉनिक निवडा, मूळ स्वर सी. हाच आपला भूप: सा रे ग प ध. (क्वांटायझरला राग कळत नाही, फक्त स्वर कळतात. भूप आणि देशकार त्याच्या लेखी एकच.) आता कीबोर्डवर काळी चार दाबा. सगळी स्वरावली ०.६६७ व्होल्टने चढते, अंतरं जशीच्या तशी राहतात, भूप काळी चारमध्ये वाजू लागतो.

या जोडणीत क्वांटायझर काढूनही टाकता येतो, आणि ज्यांचा कान पेटीच्या गंधाराला कुरकुरतो त्यांनी तो काढावाच. टेम्पर्ड गंधार, म्हणजे सप्तकाचे बारा समान भाग करून येणारा, ०.३३३ व्होल्टवर आहे, तानपुऱ्याशी जुळणारा ५/४ चा गंधार ०.३२२ वर; फरक जवळजवळ १४ सेंट. धैवत ०.७५० ऐवजी ०.७३७, पंचम ०.५८३ ऐवजी ०.५८५, रिषभ ०.१६७ ऐवजी ०.१७०. तानपुरा ॲप लावून, एकेका पायरीवर सिक्वेन्सर थांबवून, कंप मिटेपर्यंत नॉब फिरवा. मीटरपेक्षा कान इथे जास्त चोख काम करतो. पुढची बेरीज या स्वरांना धक्का लावत नाही, कारण व्होल्टची बेरीज म्हणजे कंपनसंख्येचा गुणाकार. गुणोत्तरं जशीच्या तशी सरकतात. पट्टी कोणतीही घ्या, गंधार ५/४ चाच राहतो. पेटीच्या स्केल चेंजरला हे जमत नाही.

मींड हवी असेल तर स्ल्यू मॉड्यूल (व्होल्टेज एकदम न बदलता हळूहळू सरकवणारं) अॅडरच्या नंतर, ऑसिलेटरच्या अगदी आधी. क्वांटायझरच्या आधी स्ल्यू लावला तर घसरत्या व्होल्टेजच्या पायऱ्या पडतात आणि मींडेऐवजी घाईने म्हटलेल्या सरगमेसारखं काहीतरी ऐकू येतं.

दुसरी जोडणी: पलटा

आता क्रम उलटा. सिक्वेन्सर आणि कीबोर्ड दोन्ही आधी अॅडरमध्ये, अॅडर क्वांटायझरमध्ये, क्वांटायझर थेट ऑसिलेटरला. क्वांटायझरवर भूप तसाच, मूळ स्वर तोच.

सिक्वेन्सरच्या पहिल्या तीन पायऱ्यांवर सा रे ग लावा: ०, ०.१६७, ०.३३३. कीबोर्डवर रे दाबा, म्हणजे आणखी ०.१६७. बेरीज येते ०.१६७, ०.३३३ आणि ०.५००. यातला ०.५०० हा तीव्र मध्यम, भूपात नाही. क्वांटायझर त्याला जवळच्या पंचमावर, ०.५८३ वर, नेतो. ऐकू येतं रे ग प. हाच पलटा, आणि तो कीबोर्डच्या एका पट्टीने झाला.

आता ग दाबा. बेरीज ०.३३३, ०.५००, ०.६६७. पहिले दोन ग आणि प. तिसरा, ०.६६७, पंचम आणि धैवताच्या अगदी मधोमध आहे. एखाद-दुसऱ्या मिलिव्होल्टच्या गोंगाटाने कधी प लागतो, कधी ध, आणि कधी एकाच पायरीत दोन्ही फडफडतात. पुष्कळ लोक इथे क्वांटायझर बिघडला असं ठरवतात. बिघडलेलं काही नसतं. त्याला निर्णय करायला जागाच दिलेली नाही.

उपाय स्वस्त आहे. बेरजेत कायमचे २० मिलिव्होल्ट मिळवा, म्हणजे पाव सेमीटोन. अॅडरच्या तिसऱ्या इनपुटला ऑफसेट देणारं कोणतंही मॉड्यूल लावा आणि मीटर २ व्होल्टच्या किंवा २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर ठेवून २० वर आणा. आता सगळे पलटे स्वच्छ येतात: सारेग, रेगप, गपध, पधसां, धसांरें. शेवटच्या पलट्यातला रिषभही आधी असाच सां आणि रें यांच्या मधोमध अडकलेला होता, तोही सुटतो.

हे गणित जवळचा स्वर धरणाऱ्या क्वांटायझरचं आहे. तुमचा तसा आहे का ते पाहायला एक नॉब शून्यापासून हळूहळू वर न्या आणि सा वरून रे कधी होतो ते मोजा. ८३ मिलिव्होल्टच्या आसपास झाला तर जवळचा धरणारा. १६७ ला झाला तर खालचा स्वर धरणारा. त्याला २० ऐवजी साधारण १०४ मिलिव्होल्टचा ऑफसेट द्या म्हणजे तेच पलटे मिळतील. तिसरी जात अशी की पाच स्वरांना १ व्होल्ट सारखा वाटून देते, प्रत्येकाला २०० मिलिव्होल्ट. अशा क्वांटायझरवर कीबोर्ड कामाचा नाही, पण पलटे सगळ्यात सोपे: प्रत्येक पलट्याला आणखी ०.२ व्होल्ट, बस्स.

मूळ स्वर बदलणारी सीव्ही इनपुट काही क्वांटायझरना असते. ती ही दोन्ही कामं करत नाही. तिच्यामुळे चाळणी सरकते, स्वरावली नाही, आणि परिणाम पुष्कळदा अनपेक्षित येतो. तिच्याशी खेळायचं तर वेगळं बसा.

दोन्ही एकत्र

दोन अॅडर असतील तर रचना अशी: सिक्वेन्सर अधिक पलट्याचं व्होल्टेज अधिक २० मिलिव्होल्ट, ते क्वांटायझरमध्ये, क्वांटायझरचा आउट अधिक कीबोर्ड, ते ऑसिलेटरला. पलट्याचं व्होल्टेज दुसऱ्या, संथ सिक्वेन्सरकडून घ्या. त्याच्या पाच पायऱ्यांवर ०, ०.१६७, ०.३३३, ०.५८३, ०.७५० लावा आणि त्याला क्लॉक द्या पहिल्या सिक्वेन्सरच्या पहिल्या पायरीचा गेट. प्रत्येक आवर्तनाला पलटा एक स्वर चढतो, आणि हात पट्टी बदलायला मोकळा राहतो.

पट्टी समेवरच बदलावी

कीबोर्ड थेट जोडला की बोट पडेल त्या क्षणी पट्टी बदलते, मग स्वरावली पाचव्या मात्रेत का असेना. ते हवं असेल तर ठीक. नाहीतर कीबोर्डचा पिच सॅम्पल अँड होल्डमधून (ट्रिगरच्या क्षणीचं व्होल्टेज धरून ठेवणाऱ्या मॉड्यूलमधून) न्या आणि त्याच्या ट्रिगरला पहिल्या पायरीचा गेट द्या. आता पट्टी कधीही दाबा, बदल समेवरच येतो. आठ पायऱ्या म्हणजे केरवा. बदल १६ मात्रांनी हवा असेल तर त्या गेटच्या वाटेवर दोनाचा क्लॉक डिव्हायडर घाला. बोट उशिरात उशिरा शेवटच्या पायरीपर्यंत पडलेलं हवं. समेवर नेमकं दाबायला गेलात तर निम्म्या वेळा उशीर होतो आणि बदल पुढच्या आवर्तनावर जातो.

साधा अॅनालॉग सॅम्पल अँड होल्ड व्होल्टेज कपॅसिटरवर धरून ठेवतो आणि ते हळूहळू गळतं. विलंबित लयीत आवर्तन संपेपर्यंत पट्टी काही सेंट उतरलेली असते. त्याऐवजी ट्रिगर इनपुट असलेला दुसरा क्वांटायझर क्रोमॅटिकवर (बाराही स्वरांवर) लावून वापरा; तो आकडा लक्षात ठेवतो, गळत नाही. ऑर्नमेंट अँड क्राइम या बहुकामी मॉड्यूलमधल्या क्वांटरमेन या चार चॅनेलच्या क्वांटायझरमध्ये हे दोन्ही एकाच मॉड्यूलमध्ये होतं: एक चॅनेल भूपावर, पायरीच्या क्लॉकने, दुसरा सेमीटोनवर, समेच्या गेटने.

कीबोर्डचा गेट वापरायचाच असेल तर तो सिक्वेन्सरच्या रीसेटला द्या. पट्टी दाबली की स्वरावली पहिल्यापासून सुरू होते. रीसेट आणि क्लॉक एकाच क्षणी पोचले तर काही सिक्वेन्सर पहिली पायरी खाऊन दुसऱ्यावर जातात. रीसेट १-२ मिलिसेकंद उशिरा पाठवला की ते थांबतं.

काय चुकतं आणि का

प्रत्येक स्वराच्या सुरुवातीला आधीच्या स्वराचा पुसटसा अंश ऐकू येतो. गेट लगेच पोचतो, पण डिजिटल क्वांटायझरला पिच ठरवायला थोडा वेळ लागतो. एन्व्हलप उघडतो तेव्हा ऑसिलेटर अजून मागच्या स्वरावर असतो. गेटच्या वाटेवर २ ते ५ मिलिसेकंदांचा डिले घाला. क्वांटायझरलाच ट्रिगर आउट असेल तर एन्व्हलप त्यावरून चालवा, तो बरोबर वेळेवर निघतो.

वरच्या पट्ट्यांत स्वरावली सपाट होते, सगळे स्वर एकाच जागी अडकतात. बेरीज क्वांटायझरच्या इनपुटच्या मर्यादेबाहेर गेली आहे. सिक्वेन्सरचे ३ आणि कीबोर्डचे ४ मिळून ७ व्होल्ट, आणि क्वांटायझर घेतो ५ पर्यंत. अॅडरवर १-२ व्होल्ट वजा करा आणि ऑसिलेटर तितकी सप्तकं वर लावा. खालच्या पट्ट्यांत असंच होत असेल तर उणे व्होल्टेज कापलं जातंय. उपाय तोच, उलट्या दिशेने. ऑर्नमेंट अँड क्राइम साधारण उणे ३ ते अधिक ६ व्होल्ट घेतो, पण शून्याखाली काहीच न घेणारी मॉड्यूलही पुष्कळ आहेत.

सिक्वेन्सरलाच ट्रान्स्पोजची इनपुट आहे, पण अंतरं चुकतात. त्या इनपुटला एका सप्तकाला १ व्होल्ट हे माप असेलच असं नाही. अॅडरमधून नेमका १ व्होल्ट द्या आणि स्वरावली किती सरकते ते ऐका. सप्तक भरत नसेल तर आधी तिच्या शेजारचा अॅटेन्युएटर पूर्ण उघडा आहे का बघा. तरीही नाही जमलं तर ती इनपुट सोडा आणि बाहेर बेरीज करा. एक सावधगिरी: काही सिक्वेन्सरवर सीव्ही असं लिहिलेली इनपुट पिचसाठी नसून पायरी निवडण्यासाठी असते. कीबोर्ड लावल्यावर स्वरावली सरकण्याऐवजी तिचे स्वर उलटसुलट क्रमाने येऊ लागले तर तुम्ही तिथे आहात.

सिक्वेन्सर भलताच सुसाट पळतोय. कीबोर्डच्या सिंक आउटची सेटिंग बघा. पायरीला एक पल्स हवा असताना तो एका क्वार्टर नोटला, म्हणजे एका ठोक्याला, २४ पल्स देत असतो.

कोर्ग एमएस-२० जोडल्यावर काहीच जुळत नाही. तो हर्ट्झ-पर-व्होल्ट पद्धतीचा आहे: दर सप्तकाला व्होल्टेज दुप्पट, म्हणजे १, २, ४, ८. तिथे पट्टी बदलायची तर गुणाकार लागतो, बेरीज निरुपयोगी. सगळी बेरीज युरोरॅकमध्येच उरका आणि शेवटी हर्ट्झ-पर-व्होल्ट करणारा कन्व्हर्टर लावा. बुक्ला २०० मालिकेत सप्तकाला १.२ व्होल्ट, म्हणजे सेमीटोनला सुटसुटीत १०० मिलिव्होल्ट. तिथे बेरीज चालते, फक्त शेवटी व्होल्टेज १.२ पट करून द्यावं लागतं.

रॅक नसेल तर

व्हीसीव्ही रॅक हे मोफत सॉफ्टवेअर हाच हिशोब वापरतं, आणि त्यात ० व्होल्ट म्हणजे मधला सी, २६१.६३ हर्ट्झ. त्यातला सेक-३ सिक्वेन्सर आणि क्वांटायझर घेऊन वरच्या दोन्ही जोडण्या लॅपटॉपवर करून बघता येतात. तिथे बेरीज अचूक असते, केबलींचा भार पडत नाही, एसी बंद केल्याने काही उतरत नाही. त्यामुळे रेझिस्टरचे घोटाळे तिथे कळणार नाहीत. मधोमध अडकलेला धैवत मात्र तिथेही अडकतो. थोडा ऑफसेट देऊन तो सोडवून बघा, मग हार्डवेअरवर तेच करताना मीटरशिवायही हात बरोबर जागी जातो.